नोकरी सोडून फक्त गाण्यावर घर चालेल का?

नमस्कार. तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नाशिकचे, वय २७, खासगी कंपनीत अकाउंट्सला नोकरी, पगार हातात २८ हजार. चार मित्रांचा बँड आहे. संतांचे अभंग स्वतःच्या नव्या चालीत आणि शिवाय तुमची स्वतःची गाणी, असं दोन्ही करता. नऊ गाणी सगळ्या अ‍ॅपवर आहेत, वर्षभरात साठेक हजार वेळा ऐकली गेली आणि हाती जेमतेम चार हजार आले. ऐकणारे वाढवले तर नोकरी सोडता येईल का, हा तुमचा प्रश्न. शेवटी एक ओळ जोडलीय, की एका म्युझिक कंपनीने नऊ गाण्यांचे मिळून ४० हजार देऊ केलेत, सही करू का.

मी पुण्यात वीसेक वर्षं संगीत संयोजन करतो, कार्यक्रमांत की-बोर्ड आणि पेटी वाजवतो, शिकवतो. घर यावरच चालतं.

तुम्ही ऐकणारे वाढवण्याबद्दल विचारताय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. महिन्याला तीस हजार रुपये, पितृपक्षातसुद्धा, तुम्हाला कोण देणार आणि कशाबद्दल देणार? तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. साठ हजार वेळा ऐकण्याचे चार हजार आले. याच दराने तुमच्या सध्याच्या पगाराइतके, म्हणजे वर्षाला तीन लाख ३६ हजार मिळवायचे तर गाणी पन्नास लाख वेळा ऐकली जायला हवीत. दरवर्षी. आणि ते चौघांत वाटायच्या आधीचे पैसे झाले. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय, की गेल्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर आधी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं (किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज) लागतं, आणि मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीच्या पैशांतले ५५ टक्के तुमच्याकडे येतात. हे सगळं करा, जरूर करा. पण यातून घरभाडं निघेल अशी आशा धरून नोकरी सोडू नका. अ‍ॅपवरच्या गाण्याचं मुख्य काम एकच: आयोजक जेव्हा म्हणतो, "काहीतरी ऐकवा ना तुमचं," तेव्हा त्याला पाठवायला चांगली लिंक हाताशी असणं.

माझ्या ओळखीतले जे लोक संगीतावर घर चालवतात, त्यांचे पैसे तीन वाटांनी येतात. कार्यक्रम, शिकवणी आणि दुसऱ्यांसाठी केलेलं काम. स्वतःच्या गाण्यांची मालकी ही चौथी गोष्ट. तिचे पैसे उशिरा आणि थोडे थोडे येतात, पण हातची गेली की परत येत नाही. पहिल्या तीन वाटांनी रोजचं भागवायचं आणि चौथी कुणाला देऊन टाकायची नाही, एवढंच मला सांगायचंय. बाकीचं सगळं त्याचा तपशील आहे.

कार्यक्रमांबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे बँड आहे आणि बँडचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. एखाद्या मोठ्या सोसायटीची दिवाळी पहाट ७५ हजारांना ठरली असं धरा. ऐकायला छान वाटतं. आता खर्च मांडा. तबला सहा हजार, की-बोर्ड सात, साइड ऱ्हिदम पाच, बासरी सहा, सहगायिका सहा, निवेदक पाच. झाले ३५ हजार. साउंड तुमच्याकडून असेल तर १८ हजार. सामान आणि माणसं न्यायला गाडी चार हजार, दोन रिहर्सलला हॉल दोन हजार. एकूण ५९. मागे उरले १६ हजार आणि त्यासाठी तुम्ही महिनाभर फोन केले, यादी ठरवली, निवेदन लिहून घेतलं, पहाटे तीनला उठलात. आता दुसरं चित्र बघा. एखाद्याच्या घरी वाढदिवसाची किंवा वास्तुशांतीनंतरची अभंगांची बैठक, २५ हजार. तुम्ही स्वतः गाता आणि पेटी किंवा गिटार धरता, तबला पाच हजार, बासरी पाच, दोन स्पीकरचा छोटा साउंड साडेतीन, येण्याजाण्याचे हजार. उरतात साडेदहा हजार. बिदागी एक तृतीयांश, पण हातात उरलेले पैसे जवळपास दोन तृतीयांश. शिवाय असा कार्यक्रम महिन्यात चार वेळा होऊ शकतो, दिवाळी पहाट वर्षातून दोन-तीनच. आकडे शहरागणिक आणि नावागणिक बदलतील, पण कागदावर मांडून बघायची पद्धत हीच ठेवा. तुम्ही तर अकाउंट्सवाले आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुमच्या बँडची दोन रूपं ठेवा. पाच-सहा जणांचं पूर्ण आणि तिघांचं छोटं. दोन्हींची दहा-बारा मिनिटांची चांगली ध्वनिमुद्रित झलक हवी, तीही प्रत्यक्ष वाजवतानाची. आयोजकाला स्टुडिओतल्या गाण्यावरून समोर काय मिळणार हे कळत नाही. आणि बिदागी सांगताना 'साउंड तुमचा की आमचा' हे पहिल्याच फोनवर विचारा. वाद होतात त्यातले निम्मे इथेच होतात.

अभंग हे तुमचं मोठं भांडवल आहे आणि ते तुम्हाला पुरतं कळलेलं दिसत नाही. तुकोबांचे, ज्ञानोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण लोकांच्या तोंडी असलेल्या चाली बहुतेक विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत आणि आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क असतो. त्यामुळे लोकप्रिय चालीत गाऊन यूट्यूबवर टाकलं की बऱ्याचदा त्यावर कंपनीचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. तुम्ही चाल स्वतः बांधता, म्हणजे शब्द मोकळे, चाल तुमची, रेकॉर्डिंग तुमचं. एका रचनेतलं जवळजवळ सगळं तुमच्याकडे. कार्यक्रमात ओळखीच्या चाली जरूर गा, लोकांना त्या हव्याच असतात आणि तिथे परवाना काढायची जबाबदारी सहसा आयोजकाची असते. रेकॉर्ड मात्र स्वतःच्याच चाली करा.

कामाचं वर्ष कसं फिरतं ते आधीच लिहून ठेवा. आषाढी एकादशीच्या आधीचे दोन-तीन आठवडे कंपन्या, सोसायट्या, कॉलेजं अभंगांचे कार्यक्रम करतात. तो तुमचा हंगाम. मग गणपती, मग पितृपक्षाचा पंधरवडा जवळपास कोरडा, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, म्हणजे हळद आणि संगीत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. तो कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि तुम्ही त्यांच्याच गावचे. शाळा, ग्रंथालयं, बँका त्या दिवशी काहीतरी करतातच, तुमच्याकडे पाऊण तासाचा मराठी कवितांचा कार्यक्रम तयार असायला हवा. (कवितांच्या हक्कांची चौकशी मात्र आधी करा, आधुनिक कवींवर कॉपीराइट असतो.) पुढे गुढीपाडवा. नाशिकच्या आसपासच्या वायनरींमध्ये शनिवार-रविवारी छोट्या बँडना बोलावतात, तिथे तुमची स्वतःची गाणी चालू शकतात. दिवाळी पहाटेचे निर्णय आयोजक गणपतीच्या सुमारासच घेऊन टाकतात, कोजागरीला फोन केला तर उशीर झालेला असतो. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही, हेही वेळ ठरवताना आयोजकाला आठवण करून द्या. पहाटे साडेपाचचं मैदान ठरवून ऐनवेळी पोलिसांशी बोलत बसलेले आयोजक मी पाहिलेत आणि तेव्हा कलाकारांचे हाल होतात.

प्रत्येक कार्यक्रमाच्या दाराशी एक वही ठेवा. नाव आणि फोन नंबर, बस. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, त्यामुळे मंचावरून सांगायचं, "नंबर सेव्ह करा, पुढच्या कार्यक्रमाचं कळवू." अशी तीनशे माणसं नाशिकात जमली की तुम्ही स्वतः छोट्या सभागृहात दोन-अडीचशे रुपयांचं तिकीट लावून कार्यक्रम करू शकता. तिथे आयोजकाची आवडनिवड मध्ये येत नाही, तुमची स्वतःची गाणी ऐकायला माणसं पैसे देऊन येतात. मला विचाराल तर स्वतंत्र संगीतकारासाठी यापेक्षा मोलाचं काही नाही. फुकट पास वाटून भरलेलं सभागृह बघून सुखावू नका. तिकीट काढून आलेली साठ माणसं पुढच्या वेळी ऐंशी होतात, पासवाल्यांचं तसं होत नाही.

शिकवणीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते स्वभावावर आहे. ज्याला शिकवणं आवडत नाही त्याने पैशासाठी शिकवू नये, मुलांना ते लगेच कळतं. पण आवडत असेल तर दरमहा खात्रीने येणारे पैसे हेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तुम्ही दिल्या असतील, निदान विशारदपर्यंत, तर पालकांचा विश्वास लवकर बसतो. नसतील तर सुगम संगीत, गिटार, गाणं बसवून देणं, हेही चालतं. परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवायचं तर आपली सकाळ म्हणजे अमेरिकेतली आदली संध्याकाळ, हे नोकरी सांभाळूनही जमतं. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि बुडालेल्या तासाचं काय करायचं हे पहिल्याच दिवशी सांगा. आठवड्यात किती तास शिकवायचे याला मात्र वरची मर्यादा घाला. दिवसभर शिकवून रात्री नवीन चाल सुचत नाही, निदान मला तरी सुचत नाही.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्यांसाठी काम. सराफाच्या दुकानाची जिंगल, शाळेचं गीत, स्नेहसंमेलनाचं संगीत, शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत, राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकाचं संगीत, निवडणुकीत प्रचारगीतं. नाटकात पैसे कमी, पण तिथे भेटलेला दिग्दर्शक पुढे मालिकेत गेला की तुम्हाला फोन करतो. माझं बरंच काम असंच आलंय. प्रचारगीताचे सगळे पैसे आधी घ्या, निकालानंतर वसुली होत नाही. प्रत्येक कामात दोन गोष्टी मेसेजवर लेखी: किती वेळा बदल करून देणार आणि ते कुठे वापरणार. फक्त दुकानाच्या इन्स्टाग्रामसाठी केलेली जिंगल पुढे रेडिओवर गेली तर वेगळे पैसे, हे आधी लिहिलेलं असेल तरच मागता येतं.

आता हक्क. एका गाण्यात चार वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा, रेकॉर्डिंगचा, आणि गायक-वादकाचा आपल्या सादरीकरणावरचा. तुम्हाला अ‍ॅपवरून वितरकामार्फत जे चार हजार आले ते फक्त रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळे जमा होतात आणि ते गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. १९६९ पासूनची संस्था आहे, मुंबईत. तुम्ही सदस्य नसाल तर तो वाटा तुमच्यापर्यंत येत नाही. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते, कुणाचा किती टक्के हिस्सा ते भरावं लागतं. नोंदच केली नाही तर सदस्य असून उपयोग नाही. गायक-वादकांच्या हक्कासाठी इसाम्रा ही संस्था आहे, तिथेही चौकशी करा. रकमा सुरुवातीला लहान असतील. तरी करा, कारण गाणं कधी मालिकेत किंवा जाहिरातीत वाजलं तर त्या दिवशी नोंद असावी लागते.

आणि चौघांत बसून प्रत्येक गाण्याच्या वाटणीचा कागद आजच करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगला खर्च कुणी केला. मैत्री चांगली असतानाच हे होतं. गाणं चालल्यावर प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो, त्यात कुणी खोटारडा असतो असं नाही.

व्यवहाराचं थोडक्यात: तारीख पक्की करताना निम्मे आगाऊ, उरलेले मंचावर जाण्याआधी. संगीतासाठी वेगळं बँक खातं. आयोजक टीडीएस कापतो तेव्हा तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते आयकराच्या पोर्टलवर बघा, कापून न भरणारेही असतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

नोकरी कधी सोडायची, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. घरात अजून कुणी कमावतंय का, कर्ज आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, आईवडिलांच्या औषधाचा खर्च किती, यावर ते आहे आणि यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एवढंच सांगतो: नोकरी चालू असताना एक पूर्ण वर्ष, एका आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंत, संगीताचे हाती उरलेले पैसे महिनावार लिहा. सरासरी बघू नका, सगळ्यांत वाईट तीन महिने बघा. त्या तीन महिन्यांत घर चाललं असतं का? शिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का आणि आरोग्यविमा आहे का? कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, हे बरेच जण विसरतात. तिन्हींचं उत्तर हो असेल तर मी अडवणार नाही. नसेल तर अजून एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही, २७ हे वय फार नाही. अकाउंट्सची अर्धवेळ कामं मिळाली तर तो मधला मार्गही चांगला, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात आणि आपलं काम बहुतेक तेव्हाच असतं.

राहिली ती ४० हजारांची सही. करार मी पाहिलेला नाही, पण अशा करारांत बहुधा 'कायमस्वरूपी, जगभरात, सर्व माध्यमांत' असे शब्द असतात. तसे असतील तर सही करू नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही कंपनीला काढून घेता येत नाही, हे खरं. पण रेकॉर्डिंग कायमचं गेलं, की तुमच्याच आवाजातलं तुमचं गाणं दुसरीकडे द्यायला तुम्हाला त्यांची परवानगी लागेल. कायद्यात अजून काही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, त्यात कोणती रचना, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती रॉयल्टी हे हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि कंपनीने घेतलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. 'वेगळं म्हटलं नसेल' हे शब्द नीट बघा, कंपन्या नेमकं तिथेच वेगळं लिहितात.

त्यांना नकार कळवू नका, उलट प्रस्ताव द्या. नऊऐवजी दोन गाणी, तीन वर्षांसाठी, रेकॉर्डिंगची मालकी तुमची, त्यांना फक्त वापराचा परवाना, उत्पन्नातला ठरलेला टक्का आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. अभंगांची गाणी त्यात घालू नका. मसुदा आला की सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, त्याची फी द्यावी लागली तरी. त्यांनी "आमचा करार असाच असतो" म्हणून हात वर केले तर गाणी आहेत तशीच तुमच्याकडे राहू द्या आणि या आषाढीच्या कार्यक्रमांसाठी फोन करायला लागा.